कर्व्ह जुळतो, पण वाहतो का?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत पॅटर्नशॉपसाठी, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवणाऱ्यांसाठी, कॅडचं काम करताना एक प्रश्न सारखा समोर येतो: "मॅडम, कर्व्ह ओके आहे ना?" या एका प्रश्नात दोन वेगळे प्रश्न असतात. हा कर्व्ह मूळ पॅटर्नशी जुळतो का, हा पहिला. हा कर्व्ह स्वतः सलग, वाहता आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिलिमीटरमध्ये येतं, दुसऱ्याचं वक्रतेत, म्हणजे कर्व्ह कुठे किती वळतो यात. पहिल्याला "हो" मिळालं म्हणून दुसऱ्यालाही मिळेल असं नाही. तरी बहुतेक ठिकाणी पहिलं मोजतात आणि दोन्हींवर सही करतात. ही सवय मोडावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून दोन्ही तपासण्या मी कशा करते ते सविस्तर लिहिते.

आधी आकडे बघा. २०० मिलिमीटर त्रिज्येचा एक शांत कंस घ्या, इम्पेलरच्या, म्हणजे पंपात फिरून पाणी फेकणाऱ्या चक्राच्या, पात्याचा मधला भाग समजा. त्याची वक्रता १ भागिले २००, म्हणजे ०.००५. आता या कंसावर मधल्या रेघेपासून ०.०५ मिलिमीटर उंचीची लाट चढवा, एका लाटेची लांबी २० मिलिमीटर. पाच शतांश मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही, आणि डेव्हिएशनच्या, म्हणजे मूळ आकारापासूनच्या फरकाच्या, रंगीत नकाशात सगळं पातं हिरवंगार येतं. पण या लाटेमुळे वक्रता किती बदलते? लाटेची उंची गुणिले (२π भागिले लाटेची लांबी) याचा वर्ग. ०.०५ × (६.२८ ÷ २०)² म्हणजे जवळपास ०.००४९. मूळ वक्रतेइतकीच! म्हणजे पातं एका जागी जवळजवळ सरळ झालंय आणि त्याच्या दहा मिलिमीटर पुढे १०० त्रिज्येत वळलंय. जुळणीच्या तपासणीत हे पास होतं. पाण्याच्या दृष्टीने आणि सीएनसीच्या टूलच्या दृष्टीने तो वेगळाच कर्व्ह आहे.

लाट जितकी आखूड तितका हा परिणाम वाढतो, तोही वर्गाच्या पटीत. तीच पाच शतांशाची लाट २० ऐवजी १० मिलिमीटर लांबीची असेल तर वक्रतेतला बदल चौपट होतो. सगळ्या लेखातला हा एक हिशेब लक्षात ठेवला तरी पुष्कळ.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करते. पॉलिश पेपर मारून जो गुळगुळीतपणा येतो तो इथे अभिप्रेत नाही. तो पृष्ठभागाचा खरखरीतपणा, त्याचं माप मायक्रॉनमध्ये आणि त्याचं यंत्र वेगळं. पॅटर्न आरशासारखा चकचकीत असूनही त्याचा कर्व्ह लाटालाटांचा असू शकतो. उलट चकाकी आली की त्या लाटा जास्त उठून दिसतात.

वाहता आहे का, हे कसं बघायचं

कॅडमध्ये सलगपणाच्या पायऱ्या जी-शून्य, जी-एक, जी-दोन अशा मोजतात. दोन तुकड्यांची टोकं नुसती एकमेकांना टेकली तर जी-शून्य. टेकलेल्या जागी स्पर्शिकेची दिशाही एक असेल तर जी-एक. तिथे वक्रताही एकसारखी असेल तर जी-दोन. वक्रता बदलण्याचा वेगही जुळला तर जी-तीन, पण पंपाच्या कामात मला त्याची गरज क्वचित पडते.

सरळ रेघ आणि तिला टँजंट असलेला २५ त्रिज्येचा कंस हे आपल्याकडच्या ड्रॉइंगवर सगळ्यात जास्त दिसणारं जोडकाम. ते जी-एक आहे. डोळ्यांना सुंदर दिसतं, पण वक्रता रेघेवर शून्य आणि कंसावर पाऊल टाकताच ०.०४. मध्ये काहीच नाही. रेल्वेचे रूळ असे कधी टाकत नाहीत. सरळ मार्ग आणि वळण यांच्यामध्ये वक्रता हळूहळू वाढवणारा संक्रमण वक्र घालतात, कारण नाहीतर डबा तिथे झटका खातो. तुमच्या कामात त्या जोडावरून पाणी वाहणार असेल, उजेड परावर्तित होणार असेल किंवा टूल वेगाने जाणार असेल, तर तिथे जी-दोन मागा. फ्लँजच्या बाहेरच्या कोपऱ्याला, रिबच्या मुळाशी, पायाच्या पॅडला जी-एक पुरे. तिथे जी-दोनसाठी दुपार घालवू नये.

हे तपासायचं मुख्य हत्यार म्हणजे कर्व्हेचर कोम. आमच्याकडे आम्ही त्याला सरळ कंगवा म्हणतो. कर्व्हच्या प्रत्येक बिंदूवर लंब दिशेत एक दाता काढलेला असतो आणि त्याची उंची तिथल्या वक्रतेच्या प्रमाणात असते. सॉलिडवर्क्समध्ये स्केचमधल्या स्प्लाइनवर राइट क्लिक करून तो चालू करता येतो. राइनोमध्ये कर्व्हेचर ग्राफ नावाची कमांड आहे. फ्रीकॅड फुकट आहे, आणि त्याच्याही स्केचरमध्ये बी-स्प्लाइनच्या (म्हणजे कंट्रोल पॉइंटनी आकार दिलेल्या, तुकड्यातुकड्यांच्या कर्व्हच्या) मेनूत हा कंगवा, कंट्रोल पॉलिगॉन (कंट्रोल पॉइंट जोडणारी सरळ रेघांची माळ) आणि नॉटची (तुकड्यांच्या सांध्यांची) संख्या दाखवायची सोय आहे. म्हणजे शिकण्यासाठी महागडं लायसन्स लागत नाही. डिप्लोमाच्या मुलांना मी हे आवर्जून सांगते.

कंगवा चालू करणं सोपं, वाचणं शिकावं लागतं. आधी दात्यांची उंची इतकी वाढवा की पडदा भरून दिसेल. छोट्या दात्यांचा कंगवा नेहमीच गोड दिसतो. मग दात्यांची संख्या वाढवा, कारण विरळ दात्यांच्या मधून एखादा टोकदार सुळका सहज निसटतो. आता दात्यांच्या टोकांना जोडणारी रेघ बघा. ती एकदम उडी मारत असेल तर तिथे जी-दोन तुटलंय. उडी नाही पण टोकदार कोपरा आहे, तर वक्रता जुळते पण तिचा वेग बदलतो. साध्या क्युबिक बी-स्प्लाइनला प्रत्येक नॉटपाशी असा कोपरा असतो, तो त्या पद्धतीचा स्वभाव आहे, घाबरू नका. दाते एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला गेले तर तिथे कर्व्हने वळण्याची दिशा बदलली. एस आकारात अशी एक जागा हवीच. पण जे पातं सगळीकडे एकाच बाजूला वळायला हवं तिथे असं दिसलं, तर तो सरळ दोष.

शेवटी चढउतार मोजा. चांगल्या कर्व्हची वक्रता थोड्याच लांब तुकड्यांत चढते किंवा उतरते. पात्याच्या मधल्या रेघेला एक चढ आणि एक उतार मी मान्य करते. तेवढ्याच लांबीत सात शिखरं दिसली की तो कर्व्ह परत करते, डेव्हिएशन कितीही छान असो.

पृष्ठभागासाठी झेब्रा पट्टे वापरा. मॉडेलवर काळे-पांढरे पट्टे परावर्तित होतायत असं सॉफ्टवेअर दाखवतं. जोडावर पट्टा तुटून बाजूला सरकला तर जी-शून्य, पट्टा जुळला पण तिथे मोडला तर जी-एक, न मोडता पुढे गेला तर जी-दोन. मॉडेल फिरवत फिरवत बघा, एका कोनातून लपलेला दोष दुसऱ्यातून बाहेर येतो.

जुन्या पॅटर्नमध्ये वक्रता इतकी छान का येते

किर्लोस्करवाडी १९१० साली आमच्या जिल्ह्यात वसली, आणि पंप, ओतकाम, पॅटर्न हे शब्द या भागातल्या पोरांच्या कानावर लहानपणापासून पडतात. माझ्याकडे स्कॅनला येणाऱ्या सागवानी पॅटर्नपैकी कितीतरींचं ड्रॉइंगच नसतं. त्यांचा कंगवा काढला की मला दर वेळी आदर वाटतो, कारण तो बहुतेकदा शांत असतो. त्याच भागाचं नंतर कुणीतरी कॅडमध्ये केलेलं मॉडेल मात्र पायऱ्यापायऱ्यांचं असतं.

याचं कारण मिस्त्रींच्या पद्धतीत आहे. ठरावीक बिंदूंवर खिळे ठोकायचे, त्यांना लाकडाची बारीक, एकसारख्या जाडीची पट्टी टेकवून वाकवायची आणि पट्टीच्या कडेने पेन्सिल फिरवायची. वाकलेली पट्टी आपोआप असा आकार घेते की वाकण्यात साठलेली ऊर्जा कमीत कमी राहावी. ती ऊर्जा म्हणजे वक्रतेच्या वर्गाची कर्व्हच्या लांबीभर केलेली बेरीज. शिवाय खिळा पट्टीला फक्त एका बिंदूवर दाबतो, त्यामुळे तिथे वाकवणारा आघूर्ण उडी घेत नाही, म्हणून वक्रताही घेत नाही. म्हणजे पट्टीने काढलेल्या रेघेत जी-दोन फुकट मिळतं. पुढे ती रेघ ड्रॉइंगवर उतरवताना कंपासने चार-सहा कंसांत बसवली जाते, ते कंस टँजंट जोडून कॅडमध्ये येतात, आणि कंगव्यात जिना दिसतो.

व्होल्यूटचं उदाहरण घ्या. पंपाच्या केसिंगचा हा गोगलगायीसारखा आकार जुन्या ड्रॉइंगवर दर ४५ अंशाला वाढत जाणाऱ्या त्रिज्यांच्या कंसांनी दिलेला असतो. तो तसाच कॅडमध्ये जोडला तर आठ पायऱ्या. एकसारख्या रुंदीच्या व्होल्यूटला लॉगरिथमिक स्पायरल बसवली तर वक्रता पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी उतरत जाते, एकही शिखर नाही, आणि दर ४५ अंशाच्या खुणेवर फरकही फार पडत नाही. जीभेजवळ, म्हणजे जिथे प्रवाह फुटतो तिथे, मात्र हात लावताना डिझायनरला विचारा. तिथला आकार मुद्दाम तसा ठेवलेला असू शकतो.

लाटा कुठून येतात आणि कशा काढायच्या

स्कॅनच्या बिंदूंमधून जाणारा कर्व्ह काढू नका. बिंदूंच्या जवळून जाणारा काढा. हे वाक्य मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, आणि पुढचा हिशेब करून दाखवते.

समजा स्कॅनरच्या बिंदूत ०.०५ मिलिमीटरची चूक येऊ शकते आणि बिंदू १ मिलिमीटर अंतरावर आहेत. शेजारशेजारच्या तीन बिंदूंवरून वक्रता काढली तर सगळ्यात वाईट परिस्थितीत चूक येते ४ × ०.०५ भागिले अंतराचा वर्ग, म्हणजे ०.२. म्हणजे ५ मिलिमीटर त्रिज्येचं खोटं वळण, जे पात्यात कुठेच नाही! तेच बिंदू ५ मिलिमीटर अंतरावरचे घेतले तर चूक ०.००८ वर येते, म्हणजे १२५ त्रिज्या. तेही थोडं नाही. म्हणून जास्त बिंदू असले की कर्व्ह चांगला होतो हा समज चुकीचा आहे. जास्त बिंदू फायद्याचे तेव्हाच, जेव्हा तुम्ही त्यांच्यावरून सरासरीने कर्व्ह बसवता.

मी अशी सुरुवात करते: एकाच बाजूला वळणाऱ्या पात्याला पाचव्या डिग्रीचा एकच स्पॅन (एकच तुकडा), म्हणजे फक्त सहा कंट्रोल पॉइंट. बसवायचा आणि डेव्हिएशन बघायचं. फरक स्कॅनरच्या चुकीइतकाच आणि इकडेतिकडे विखुरलेला असेल तर काम झालं. फरक एका भागात सलग एकाच बाजूचा असेल तर तिथे खरोखर आकार आहे, तेव्हा एक कंट्रोल पॉइंट वाढवा. पुन्हा बघा. वाढवत जायचं ते गरजेपुरतं, आणि दर वेळी कंगवा चालू ठेवून. बहुतेक लोक उलटं करतात: साठ पॉइंटवर सुरू करतात आणि मग हाताने ओढाताण करत बसतात.

कंट्रोल पॉलिगॉनही दाखवून ठेवा. बी-स्प्लाइनचा एक फार उपयोगी गुण असा की कर्व्ह त्याच्या पॉलिगॉनपेक्षा जास्त वेळा वळण्याची दिशा बदलू शकत नाही. त्यामुळे पॉलिगॉन एकाच बाजूला वळत असेल तर कर्व्हमध्ये उलटं वळण येणारच नाही. पॉलिगॉनच्या भुजा साधारण हळूहळू बदलणाऱ्या लांबीच्या आणि कोनही हळूहळू बदलणारे ठेवा, कंगवा आपोआप शांत होतो.

पायथन वापरत असाल तर सायपाय या त्याच्या गणिताच्या लायब्ररीत स्मूदिंग स्प्लाइनची सोय आहे, आणि त्यात एस नावाचा एक आकडा द्यावा लागतो. एस म्हणजे सगळ्या बिंदूंच्या फरकांच्या वर्गांची बेरीज किती चालेल ती मर्यादा. तो अंदाजाने देऊ नका. बिंदूंची संख्या गुणिले स्कॅनरच्या चुकीचा वर्ग करा: ४०० बिंदू आणि ०.०३ मिलिमीटरची चूक असेल तर ४०० × ०.०००९, म्हणजे ०.३६ च्या आसपासून सुरुवात. एस शून्य ठेवला तर कर्व्ह प्रत्येक बिंदूतून जातो आणि स्कॅनरचा सगळा थरथराट तुमच्या पॅटर्नमध्ये कायमचा बसतो.

दुसऱ्याकडून आलेल्या फायलीत नॉटची संख्या तपासा. क्युबिक कर्व्हमध्ये एकाच जागी दोन नॉट बसले की तिथला वक्रतेचा सलगपणा जाऊ शकतो, तीन बसले की कोपरासुद्धा पडू शकतो. डीएक्सएफ या ड्रॉइंगच्या फायलीतून आलेला "स्प्लाइन" कित्येकदा छोट्या सरळ रेघांची माळ असते. त्यावर कंगवा चालू केलात तर एकही दाता दिसणार नाही, आणि सगळं ठीक आहे असं वाटेल. आधी तो खरंच कर्व्ह आहे का ते बघा.

जुळतो का, हे कसं मोजायचं

अंतर मोजण्याआधीची कामं जास्त महत्त्वाची आहेत. पहिलं म्हणजे श्रिंकेज. ग्रे कास्ट आयर्न थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून ३०० च्या भागाचा पॅटर्न ३०३ असतो. पॅटर्नचं स्कॅन आणि कास्टिंगचं मॉडेल एकावर एक ठेवलं की सगळीकडे लाल दिसतं, आणि लोक पॅटर्न चुकला म्हणतात. तेव्हा आधी पॅटर्नची मापं ज्ञात श्रिंकेजप्रमाणे, इथे १.०१ ने, भागा. सॉफ्टवेअरला "स्केलपण तूच शोध" असं सांगू नका, कारण ते खरा दोषसुद्धा स्केलमध्ये जिरवून टाकतं. हवं तर वेगळं चालवून बघा. १ टक्क्याऐवजी ०.८ आलं तर तो फाउंड्रीशी बोलण्याचा विषय आहे. मशीनिंग अलाउन्स (मशीनवर कापायला ठेवलेला जादा थर) आणि ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार) यांचंही तसंच, तुलना करताना दोन्ही बाजूंना ते असावेत किंवा दोन्ही बाजूंना नसावेत.

दुसरं म्हणजे जागेवर बसवणं. बहुतेक सॉफ्टवेअर बेस्ट-फिटसाठी जवळचा बिंदू शोध, थोडं हलव, पुन्हा शोध, ही आयसीपी पद्धत वापरतात. बेसल आणि मॅके यांनी ती १९९२ साली मांडली. पद्धत चांगली आहे, पण तिचा स्वभाव ओळखून वापरा. ती सगळीकडचा फरक वाटून टाकते. पातं हबच्या जागी बरोबर असेल आणि टोकाला ०.६ मिलिमीटर फिरलेलं असेल, तर बेस्ट-फिट दोन्हीकडे ०.३ च्या आसपास दाखवू शकेल आणि दोन्ही टॉलरन्समध्ये बसतील. म्हणून भाग ज्या डेटमवर (मोजणीच्या आधारावर) बसतो आणि फिरतो, म्हणजे बोअर (मधलं भोक) आणि एक फेस, त्यावरच जुळवा. फक्त आकार कसा आहे एवढंच बघायचं असेल तेव्हा बेस्ट-फिट घ्या, आणि अहवालात तसं लिहा.

आता अंतर. सगळ्यात ओळखीचं माप हाउसडॉर्फ अंतर, फेलिक्स हाउसडॉर्फ या गणितज्ञाने १९१४ साली मांडलेलं. पहिल्या कर्व्हच्या प्रत्येक बिंदूपासून दुसऱ्यावरचा सगळ्यात जवळचा बिंदू शोधायचा आणि या अंतरांतलं सर्वांत मोठं घ्यायचं. मग उलट दिशेने तेच करायचं आणि दोन्हींतलं मोठं ठेवायचं. हे "उलट दिशेने" विसरलं की फसवणूक होते. स्कॅनमध्ये पात्याचं टोक आलंच नाही, असं समजा. स्कॅनकडून मॉडेलकडे मोजलं तर ०.१ मिलिमीटर. मॉडेलकडून स्कॅनकडे मोजलं तर १८ मिलिमीटर, कारण टोकाला जवळ काहीच नाही. सायपायमधलं तयार फंक्शन एकाच दिशेचं अंतर देतं, म्हणून ते दोन्ही क्रमांनी चालवा.

जवळचा बिंदू घेण्यात आणखी एक खाच आहे. पात्याच्या मागच्या कडेला जाडी चार मिलिमीटरवर येते. तिथे दाबाच्या बाजूचा बिंदू पाच मिलिमीटर सरकलेला असेल तर त्याला आपल्या बाजूपेक्षा पलीकडची बाजू जवळ पडते, आणि फरक एकच मिलिमीटर दिसतो. दोन्ही बाजू वेगळ्या फायलींत तोडा, किंवा लंबांच्या दिशा ९० अंशांहून जास्त वेगळ्या असतील ती जोडी सॉफ्टवेअरला टाकून द्यायला सांगा.

क्रम सांभाळायचा असेल तर फ्रेशे अंतर घ्या, मॉरिस फ्रेशे यांनी १९०६ साली मांडलेलं. एका बांधावरून शेतकरी चाललाय, दुसऱ्या बांधावरून त्याचा बैल, आणि मध्ये कासरा. दोघंही हवं तिथे थांबू शकतात, पण मागे फिरू शकत नाहीत. दोघांना पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत जायला कमीत कमी केवढा कासरा लागेल, ते फ्रेशे अंतर. मागेपुढे घुटमळणाऱ्या, स्वतःच्या जवळून परत जाणाऱ्या कर्व्हसाठी, म्हणजे व्होल्यूटसाठी आणि एस आकारासाठी, मला हेच जास्त विश्वासाचं वाटतं. बिंदूंच्या मालिकेवर ते काढायची सोपी पद्धत आयटर आणि मॅनिला यांनी १९९४ साली दिली. पायथनमध्ये वीस-पंचवीस ओळींत होते. आधी दोन्ही कर्व्ह समान लांबीच्या अंतराने पुन्हा बिंदूंत तोडा, नाहीतर विरळ बिंदूंच्या भागामुळे अंतर खऱ्यापेक्षा मोठं येऊ शकतं.

पण खरं सांगायचं तर कुठलाही एकच आकडा पुरत नाही. कर्व्हच्या लांबीवर चिन्हासकट डेव्हिएशनचा आलेख काढा: बाहेरच्या बाजूला अधिक, आतल्या बाजूला उणे. हा आलेख दोष कुठे आहे एवढंच सांगून थांबत नाही, तो कशामुळे आलाय तेही सांगतो. सगळीकडे सारखाच फरक म्हणजे रंगाचा थर, टूलची त्रिज्या चुकीची, किंवा अलाउन्स विसरलेला. एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरळ वाढत जाणारा म्हणजे भाग फिरलाय किंवा डेटम चुकलाय. मध्ये फुगवटा म्हणजे लाकूड किंवा अ‍ॅल्युमिनियम वाकलंय. ठरावीक अंतराने येणारी लाट म्हणजे मशीनच्या टूलच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर किंवा फार कंट्रोल पॉइंट. ही चार चित्रं डोळ्यांत बसली की अर्धं निदान तिथेच होतं.

ड्रॉइंगवर प्रोफाइल ऑफ अ लाइन (कर्व्हच्या आकाराची टॉलरन्स) असेल तर आयएसओ ११०१ या प्रमाणकाप्रमाणे फरक मूळ कर्व्हला लंब मोजायचा असतो, आणि दुसरं काही लिहिलेलं नसेल तर पट्टा दोन्ही बाजूंना निम्मा निम्मा. ०.४ लिहिलंय म्हणजे अधिक-उणे ०.२. ०.४ एका बाजूला धरून भाग पास केलेले मी बघितले आहेत, तेवढं जपा.

जागा आणि माप सोडून फक्त आकार

कधी कधी दोन कर्व्ह एकमेकांवर ठेवताच येत नाहीत. एक आठ इंची पंपाचा, दुसरा सहा इंची. ग्राहक विचारतो, पातं "तसंच" आहे का? इथे वक्रता पुन्हा कामाला येते. सपाट पृष्ठावरचा कर्व्ह, कुठे ठेवला आणि कसा फिरवला हे सोडलं, तर लांबीप्रमाणे त्याची वक्रता कशी बदलते यावरून पूर्ण ठरतो. म्हणून दोन्हींचे वक्रतेचे आलेख एकावर एक ठेवा. माप वेगळं असेल तर आडव्या अक्षावर लांबी एकूण लांबीने भागा आणि उभ्या अक्षावर वक्रता एकूण लांबीने गुणा. आकार सारखा असेल तर दोन्ही आलेख एकमेकांवर येतात, जुळवणीचा प्रश्नच राहत नाही. अट एकच: आधी वर सांगितल्याप्रमाणे कर्व्ह स्वच्छ बसवलेला हवा, कच्च्या स्कॅनवर हे करू नका.

मिरज इथून जवळच. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या घोडीचा वरचा पृष्ठभाग कानसून जवारी लावतात. तार त्या हलक्या उतारावर घासत जाते, आणि उतार किंचित बदलला की आवाज खुला होतो किंवा बंद. तिथली तपासणी कानाने होते. घोडीचं स्कॅन घेऊन प्रत करायची इच्छा असलेली मुलं मला भेटतात. त्यांना मी सांगते की अंतराचा नकाशा तिथे काही सांगणार नाही. उताराचा आणि वक्रतेचा आलेख काढा, तार जिथून सुटते त्या काही मिलिमीटरमधलाच, आणि आधी कारागिरांजवळ बसून ती जागा नेमकी कुठे आहे ते समजून घ्या.

काम हातावेगळं करताना

तपासणी एसटीएल फायलीवर करू नका. त्यात कर्व्ह नसतो, सपाट त्रिकोण असतात. त्रिकोणाची कड आणि खरा कंस यांच्यातला फरक साधारण कडेचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या. १०० त्रिज्येवर १० मिलिमीटरची कड आली तर ०.१२५ मिलिमीटर, म्हणजे ०.२ मधला निम्म्याहून जास्त भाग फायलीनेच खाल्ला. देवाणघेवाण स्टेप (STEP) या, खरे कर्व्ह साठवणाऱ्या, फायलीत करा. एसटीएल काढावीच लागली तर कॉर्ड टॉलरन्स (त्रिकोण आणि खरा कर्व्ह यांच्यात चालणारा फरक) भागाच्या टॉलरन्सच्या दहाव्या भागावर ठेवा.

अहवालात मी चार गोष्टी जोडते: कुठल्या डेटमवर जुळवलं, श्रिंकेज किती धरलं, लांबीवरचा डेव्हिएशनचा आलेख, आणि पूर्ण उंचीचा कंगवा, दात्यांच्या स्केलसकट. कंगव्याचं स्केल लिहिलेलं नसेल तर पुढच्या माणसाला दोन कर्व्हची तुलनाच करता येत नाही. कच्चं स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये, न छाटता, न गाळता ठेवा. पॅटर्न पुढच्या पावसाळ्यात फुगला, झिजला किंवा फाउंड्रीत हरवला, की मूळ आकाराचा तेवढाच पुरावा उरतो, आणि नवा कर्व्ह त्यावरूनच बसवावा लागतो.